मोगऱ्याचं अत्तर आणि ‘सॅमसारा’: दोन फुल-चंदनी सुगंध कसे पारखायचे

सुगंध विकत घेताना बहुतेक जण पहिल्या दोन मिनिटांत निवड करून मोकळे होतात. साध्या लिंबाळ कोलोनच्या बाबतीत ते चालून जातं, कारण त्याचा जीवच तेवढा असतो. फूल आणि लाकूड एकत्र असलेल्या सुगंधाला मात्र ही घाई चालत नाही. त्यातला फुलाचा भाग आधी कळतो, लाकडाचा तास-दीड तासाने, आणि दिवसभर अंगावर राहतो तो लाकडाचाच. म्हणजे दुकानात आवडतं फूल आणि घरी येतं लाकूड. असे दोन सुगंध शेजारी ठेवून तुलना करायची तर ती पहिल्या झुळकीची नको, तासाला तास लावून करावी लागते.

ती कशी करायची हे सांगायला मी मुद्दाम एक जोडी निवडली आहे. एकीकडे कनौजचं चंदनावर ओढलेलं मोगऱ्याचं अत्तर, दुसरीकडे पॅरिसच्या गेर्लां या सुगंधघराण्याचं ‘सॅमसारा’. दोन्हींचा कणा एकच आहे, जॅस्मिन कुळातलं फूल आणि चंदन. घडवण्याची रीत मात्र इतकी निराळी की शिकायला याहून चांगली जोडी मिळणं कठीण. एकदा हात बसला की गुलाब-चंदन, केवडा-चंदन, कुठल्याही दोन फुल-लाकडी सुगंधांना हीच पद्धत लावता येते.

दोन्ही बनतात कसे

कनौज उत्तर प्रदेशात, गंगेच्या काठच्या प्रदेशात आहे. तिथली अत्तराची जुनी पद्धत म्हणजे देग-भपका. देग हे तांब्याचं मोठं भांडं. त्यात फुलं आणि पाणी घालतात, झाकण बसवून कडेला माती आणि कापसाचा लिंपा देतात आणि खाली लाकडं, गोवऱ्या पेटवतात. देगेतून बांबूची नळी निघते, तिला चोंगा म्हणतात. ती भपक्यात, म्हणजे लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात जाते. भपका पाण्याच्या हौदात बुडालेला असतो आणि त्यात चंदनाचं तेल आधीच ओतून ठेवलेलं असतं. फुलांची वाफ त्या थंड भपक्यात उतरते, तिचं पाणी होतं आणि सुगंध चंदनतेल पिऊन घेतं. कारागीर भपक्याचा गरमपणा हातानेच जोखतो आणि त्यावरून आच कमी-जास्त करतो. रात्रभर भपका निवला की पाणी खाली बसतं. ते तळाच्या भोकातून काढून पुन्हा देगेत घालायचं आणि त्याच तेलावर दुसऱ्या दिवशी ताजी फुलं चढवायची. चंदन फुलाने पुरतं भरेपर्यंत हे असंच चालू राहतं. अत्तरात अल्कोहोलचा थेंबही नसतो. या कनौजी अत्तरांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

‘सॅमसारा’ बाजारात आलं १९८९ मध्ये. रचना जाँ-पॉल गेर्लां यांची. १८२८ पासून चालत आलेल्या या घराण्याच्या चौथ्या पिढीतले ते सुगंधकार. वर बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ) आणि यलांग-यलांग (गोड वासाचं पिवळं फूल), मध्ये जाई, गुलाब, नार्सिसस (नरगिस) आणि आयरिस, तळाशी चंदन, टोन्का बी (व्हॅनिलासारख्या गोड वासाची बी) आणि व्हॅनिला अशी साधारण मांडणी. चंदनतेलाबरोबर पॉलिसँटॉल हा प्रयोगशाळेत घडवलेला चंदनी रेणूही त्यात वापरला गेला. हे सगळं अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं, त्यामुळे फवारताच हवेत पसरतं.

आणखी एक फरक आधीच लक्षात ठेवा. पाश्चात्त्य सुगंधांत ‘जॅस्मिन’ लिहिलेलं असलं की ते बहुधा जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम असतं, म्हणजे आपली जाई. मोगरा वेगळा, जॅस्मिनम सॅम्बॅक. जाईचा सुगंध गोल, गोडसर आणि उबदार. मोगरा जास्त हिरवा, टोकदार, आणि त्याला एक फळाळ धार असते. दोन्ही सुगंध शेजारी ठेवल्यावर जो पहिला फरक जाणवतो, त्यातला बराचसा या दोन फुलांचाच आहे.

आधी नाक तयार करा, पैसे नंतर

या पायरीसाठी खर्च जवळजवळ नाही, आणि नेमकी हीच लोक गाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

घरात देवापुढे सहाण आणि चंदनाचं खोड असेल तर ते घ्या. बाजारात चंदन म्हणून इतर लाकडांची खोडंही विकली जातात, त्यामुळे घरातलं जुनं, आजीच्या काळातलं खोड मिळालं तर सोन्याहून पिवळं. दोन थेंब पाणी घालून उगाळा आणि गंध हाताच्या मागच्या बाजूला लावा. ओलं असताना वास घ्या, वाळल्यावर घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा घ्या. चंदन ओरडत नाही. त्यात सायीसारखा दुधीपणा आहे, किंचित आंबूस झाक आहे, आणि खूप खोल, शांत असा गोडवा आहे जो साखरेचा नाही. हा गोडवा आणि व्हॅनिलाचा गोडवा यांतला फरक नाकाला कळायला लागला की अर्धं काम झालं. कारण बाजारातल्या पुष्कळ ‘चंदनी’ सुगंधांत चंदन नावापुरतं आणि व्हॅनिला पोटभर असतो.

मग मोगरा. मार्च ते जून हा त्याचा हंगाम. संध्याकाळी कळ्यांचा गजरा आणा आणि वाटीत ठेवा. कळी मिटलेली असताना वास जवळजवळ हिरव्या देठाचा येतो. रात्री फुलं उमलली की घर भरून जातं. सकाळी पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात तेव्हा तोच वास जड, थोडा कुजकट, काहींना तर किळसवाणा वाटतो. या जडपणात इंडोल नावाच्या संयुगाचा मोठा वाटा असतो. ते ताज्या मोगऱ्यातही असतंच, पण थोडं असल्याने फुलाला खोली देतं. हे तीन वास नाकात पक्के बसवा. अत्तराची कुपी उघडल्यावर पहिल्या क्षणी तो जड वास आला की नवखा माणूस ‘हे खराब आहे’ म्हणून कुपी परत करतो, आणि कित्येकदा नेमकी चांगली कुपी परत गेलेली असते.

मोगऱ्याचा हंगाम नसेल तर पावसाळ्यात मिळणाऱ्या जुईवर काम भागवता येईल, पण ती नाजूक असते. मोगऱ्याची जागा ती पुरती घेत नाही.

काय मागायचं आणि कसं

मुंबईत मोहम्मद अली रोडवर अत्तरांच्या दुकानांची रांगच आहे. मोठ्या शहरांतल्या जुन्या पेठांत एखादं तरी अत्तरवाल्याचं दुकान सापडतंच. मोगऱ्याचं अत्तर उत्तरेकडच्या बोलीत ‘मोतिया’ किंवा ‘बेला’ या नावाने मिळतं. ‘चमेली’ मागितलीत तर जाईच्या जातीचं अत्तर पुढ्यात येईल. तेही सुंदर असतं, पण या तुलनेत गोंधळ होईल. मागताना स्पष्ट विचारा: मोतिया चंदनतेलावर ओढलेला आहे की दुसऱ्या तेलावर? चांगला दुकानदार या प्रश्नावर रागावत नाही, उलट मोकळा होतो आणि दोन कुप्या समोर ठेवून फरक दाखवतो.

दुसऱ्या तेलाचा प्रश्न खरा आहे. भारतीय चंदन दुर्मिळ आणि महाग झाल्यापासून पुष्कळ ठिकाणी चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी नावाचं रसायन आधार म्हणून वापरलं जातं. साधा हिशेब करा. खरं चंदनतेल किलोला एक लाख रुपयांच्या खाली मिळत नाही. एक लाख जरी धरला तरी ग्रॅमला शंभर रुपये झाले. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, तेव्हा तोळाभर अत्तरात नुसत्या चंदनतेलाचेच अकराशेहून जास्त रुपये गेले. फुलं, जळण, मजुरी आणि दुकानाचा नफा अजून बाकीच आहे. म्हणून कुणी तीनशे रुपयांत तोळाभर ‘शुद्ध चंदनावरचा मोगरा’ देत असेल तर त्यात चंदन नाही, एवढं नक्की. ते अत्तर वाईटच असेल असं नाही, फक्त ते या तुलनेत बसवू नका. फुल-चंदनी म्हणून तुम्ही पारखायला जाल आणि हाती फूल आणि पॅराफिन येईल. उलट दिशेने हा हिशेब चालत नाही, म्हणजे महाग आहे म्हणून खरं आहे असं धरू नका. तळाशी चंदन आहे का, हे सहा तासांनंतर नाकालाच विचारायचं. कागदावर तेलाचा डाग राहतो का वगैरे घरगुती परीक्षांवर मी फारसा विसंबत नाही. नेमकं उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं. कनौजला त्यासाठी सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, पण पाव तोळ्यासाठी तिथवर कुणी जात नाही.

‘सॅमसारा’ घेताना पाहायचं ते वेगळं. ते ओ द पारफम (जास्त तीव्र) आणि ओ द टॉयलेट (त्याहून सौम्य) अशा दोन तीव्रतांत मिळत आलं आहे, आणि दोन्हींचा तोल सारखा नाही. तुलनेसाठी ओ द पारफम घ्या, कारण त्यात तळाचा भाग नीट उमगतो. जुनी बाटली कुणाकडे असेल तर तिचा वास आजच्या बाटलीसारखाच येईल ही अपेक्षा ठेवू नका. मोठी सुगंधघराणी कच्च्या मालाच्या किमती आणि नियम बदलतात तशी रचना बदलत आली आहेत. पूर्ण बाटली लगेच घ्यायची गरज नाही. दोन मिलिलिटरचा नमुना या सगळ्या खटाटोपाला पुरून उरतो.

चाचणीचा दिवस

सुट्टीचा दिवस निवडा, पण सणाचा नको. सणाला घरात धूप, उदबत्ती आणि फोडण्या एकत्र नांदतात. अंघोळ बिनवासाच्या साबणाने करा, केसांना वासाचं तेल नको, हाताला क्रीम नको. त्वचा फार कोरडी असेल तर बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पुसटसा हात फिरवा, नाहीतर दोन्ही सुगंध लवकर उडतील.

एका वेळी दोनच सुगंध, एका हाताला एक. डाव्या हातावर अत्तर, उजव्यावर ‘सॅमसारा’, आणि पेनाने मनगटाजवळ खूण. हे बाळबोध वाटेल, पण चार तासांनी कुठला हात कुठला हे खरंच विसरतं. अत्तर सळईने घ्या, जेमतेम एक ठिपका. हळदीकुंकवाला अत्तर हाताच्या मागच्या बाजूला लावतात, तीच जागा इथेही उत्तम. तिथे घाम कमी येतो आणि हात सहज नाकाशी नेता येतो. ‘सॅमसारा’चा एकच फवारा, हातभर अंतरावरून. हात एकमेकांवर घासू नका, वरच्या थराचे हलके वास त्याने घाईने उडून जातात. फवाऱ्यातला अल्कोहोल उडेपर्यंत थांबा, अर्धा मिनिट पुरे. तोवर नाक जवळ नेलंत तर फक्त झिणझिण्या येतील.

शिवाय कागदाच्या दोन पट्ट्यांवरही तेच लावून दुसऱ्या खोलीत ठेवा. कागदावर सुगंध त्वचेपेक्षा सावकाश उलगडतो, आणि तिथे तुमच्या घामाची, उष्णतेची भेसळ नसते. पुढे शंका आली की पट्टी हा साक्षीदार.

नाक थकलं तर कॉफीच्या बिया हुंगत बसू नका, त्यांनी नाकाला आणखी एक वास मिळतो एवढंच. स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा, सुगंध न लावलेल्या त्वचेचा वास घ्या, नाहीतर गच्चीत जाऊन या. आणि सारखं हुंगू नका. वेळ झाली की दोन छोटे श्वास, लिहून काढा, हात खाली.

तासाला तास

पहिली पाच मिनिटं. अत्तर इथे नवख्याला निराश करतं. त्याच्यात लिंबाळ, चमचमीत असं काही सुरुवातीला नसतं, थेट मोगरा येतो आणि तोही थोडा शिजल्यासारखा, कारण तो फुलाच्या वाफेतून आला आहे. गजऱ्याच्या ताजेपणाची अपेक्षा ठेवलीत तर हिरमुसाल. ‘सॅमसारा’ याच वेळी पूर्ण सजून येतं. बर्गमॉटची चमक, यलांग-यलांगचा पिवळा, जरा केळ्याकडे झुकणारा गोडवा, आणि मागोमाग जाई. दुकानातली स्पर्धा इथेच संपते आणि ‘सॅमसारा’ जिंकतं. म्हणूनच या टप्प्याला गुण देऊ नका, फक्त नोंद करा.

वीस मिनिटं ते एक तास. आता खरी फुलं दिसतात. अत्तरातला जडपणा उतरतो आणि मोगरा स्वच्छ होतो. त्याची हिरवी, फळाळ धार इथे सर्वांत छान कळते. यामागे मिथाइल अँथ्रानिलेट नावाचं संयुग असतं, ते मोगऱ्यात जाईपेक्षा जास्त असतं. हात नाकापासून वीतभर दूर धरून पाहा. अत्तराचा वास अजून येतो, पण हातभर अंतरावर तो विरतो. ‘सॅमसारा’ मात्र खोलीच्या दारापाशी उभ्या माणसालाही कळतं. यासाठी घरातल्या कुणाला तरी मदतीला घ्या. आपलाच वास आपल्याला कळेनासा होतो, पसारा मोजायला दुसऱ्याचं नाक लागतं.

दोन ते चार तास. या जोडीचा गाभा इथे आहे, तेव्हा इथे घाई करू नका. अत्तरात मोगरा आणि चंदन यांच्यामधली रेघ पुसली जाते. फूल संपून लाकूड सुरू झालं असं कधी होत नाही. मोगरा हळूहळू दुधाळ होत जातो आणि कुठल्या तरी क्षणी लक्षात येतं की आता आपण चंदनच हुंगतो आहोत. याचं कारण त्याच्या घडणीत आहे. फुलाची वाफ चंदनाच्या तेलातच उतरलेली असते, आणि चंदनातला सँटॅलॉल हा जड, सावकाश उडणारा घटक फुलाच्या हलक्या भागांना धरून ठेवतो. सहाणेवरचं गंध आठवा आणि पडताळा: तोच आंबूस-दुधीपणा आहे का? असेल तर आधार चंदनाचा आहे. मोगरा गेला आणि मागे काहीच उरलं नाही, किंवा नुसता तुपकट, निर्जीव वास राहिला, तर तुमच्या कुपीत चंदन नव्हतं.

‘सॅमसारा’त याच वेळी चंदन मोठं, रुंद होऊन येतं. ते सहाणेवरचं चंदन नाही. टोन्का आणि व्हॅनिलाने त्याला गोडी आणली आहे, आयरिसने थोडा पावडरीचा मऊपणा दिला आहे, आणि जाई त्याच्यावर वेगळी, ओळखू येईल अशी तरंगत राहते. फूल कुठे आणि लाकूड कुठे हे बोट ठेवून दाखवता येतं. मला रचना म्हणून हे फार भावतं. एवढं चंदन घालूनही सुगंध उदास होऊ न देणं सोपं नाही. पण चंदन म्हणून विचाराल तर माझं मत अत्तराच्या बाजूने आहे.

सहा-आठ तास, आणि दुसरी सकाळ. अत्तर आता त्वचेला चिकटून, फक्त तुमच्यापुरतं असतं. ‘सॅमसारा’ अजून बोलतं, पण बोलणं बहुतेक व्हॅनिला आणि टोन्काचं. रात्रभर उशीवर किंवा ओढणीवर जो वास राहतो, तो तुम्हाला आवडतो का हे नक्की पाहा. बाटली संपेपर्यंत सोबत त्याचीच करायची आहे.

एकाच दिवसावर निकाल देऊ नका. आठवडाभराने हात बदलून पुन्हा करा, आणि जमलं तर वेगळ्या हवेत. मुंबईच्या मे महिन्यातल्या दमट उकाड्यात ‘सॅमसारा’चा गोडवा दुप्पट होतो. लोकलच्या गर्दीत तो शेजाऱ्यावर अन्याय आहे. तेच पुण्याच्या डिसेंबरमध्ये, लग्नाच्या संध्याकाळी, शालीवर अप्रतिम लागतं. अत्तराचं उलट आहे. उन्हाळ्यात ते सुंदर उमलतं, आणि कडाक्याच्या थंडीत किंवा एसीच्या ऑफिसात इतकं दबून राहतं की लावलं होतं का असा प्रश्न पडावा. विदर्भातल्या कोरड्या उन्हात दोन्ही लवकर उडतात, तिथे कपड्याच्या आतल्या बाजूला लावणं बरं.

घेण्याआधी दोन-तीन गोष्टी

त्वचा संवेदनशील असेल तर आधी कोपराच्या आत ठिपका लावून चोवीस तास पाहा. नैसर्गिक आहे म्हणून अत्तराने पुरळ उठत नाही असं नाही, फुलांच्या अर्कातही त्रास देणारे घटक असतात. अत्तर तेलकट असतं, त्यामुळे पैठणीच्या किंवा कुठल्याही रेशमी साडीच्या पदराला लावू नका, डाग निघता निघत नाही. कापसाचा फाया करून कानाच्या पाळीत ठेवायची जुनी रीत कपडे वाचवते आणि सुगंधही मंदपणे देत राहते. ‘सॅमसारा’ फवारायचं ते मोत्यांचे दागिने घालण्याआधी, अल्कोहोलने मोत्याची चकाकी जाते.

एकच घ्यायचं असेल तर रोज कुठे जाता ते पाहा. देवळात, वर्गात, दवाखान्यात, माणसांच्या जवळ बसून काम असेल तर मोगरा. संध्याकाळी चार लोकांत उठून दिसायचं असेल आणि गोडव्याची आवड असेल तर ‘सॅमसारा’. दोन्ही एकाच दिवशी एकावर एक लावायचा प्रयोग करू नका. गोडवा मोगऱ्याला गिळतो आणि पैसे दोन्हीकडचे जातात.

अत्तर सुरुवातीला पाव तोळाच घ्या, तीन ग्रॅमच्या आसपास भरतं आणि ठिपक्या-ठिपक्याने महिनोन्‌महिने पुरतं. काचेच्या घट्ट बुचाच्या कुपीत, कपाटात, अंधारात ठेवा. चंदनावरचं चांगलं अत्तर असं ठेवलं तर वर्षागणिक आणखी मऊ होतं, म्हणून संपवायची घाई नको. ‘सॅमसारा’ची बाटली मात्र उघडल्यावर तीन-चार वर्षांत वापरून टाकलेली बरी. त्यातली बर्गमॉटची चमक सर्वांत आधी जाते, आणि बाथरूमच्या दमट शेल्फवर ठेवली तर त्याहूनही लवकर.